हबीब मिस्त्रीचा जुना माल

पाचोऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला हबीब मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक कडुनिंब! पण हबीबचा हात लागला की गाडी सहा महिने परत तोंड दाखवत नाही, असं भडगावपर्यंतचे लोक म्हणत. या एका बोलण्यावर माणूस तीस वर्षं ताठ मानेनं जगला.

मग पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलं आणि तमाम मिस्त्री मंडळींना आयतं निमित्त मिळालं. गाडी बंद पडली? पेट्रोल. पिकअप गेला? पेट्रोल. हबीब तर रंगात येऊन म्हणायचा, "अहो, मक्याची दारू पाजल्यावर गाडी सरळ कशी चालेल?" शेजारचा चहावाला नवल हसायचा, गिऱ्हाईकही हसायचं.

हसली नाही ती मृणाली. भिकननानांची ही लेक उपकेंद्रात नर्स आहे आणि नानांच्या जुन्या मोटारसायकलवर रोज चौदा किलोमीटर जाते. महिन्याभरात तिसऱ्यांदा तिनं ती गाडी ढकलत आणली.

"चाचा, पेट्रोलचं पुराण पुरे. तुम्ही पाइप नि रबरं बदललीत तेव्हापासून हे सुरू झालंय. औषधानं पेशंट बिघडला तर आम्ही आधी बाटलीवरची तारीख बघतो. तुमच्या रबरांची तारीख काय?"

हबीबचा पारा चढला. "बेटी, तू सुई टोच, पाना मला फिरवू दे!"

"फिरवा. पण आज एक बाळंतीण माझी वाट बघत बसलीय," असं म्हणून गाडी तिथेच टाकून ती रिक्षानं गेली.

ते बोलणं हबीबला झोंबलं. दहा वर्षांपूर्वी धुळ्यातलं एक दुकान बंद होत होतं, तेव्हा त्यानं तिथून पेट्रोलच्या पाइपांचा नि रबरी वायसरांचा ढीगच उचलून आणला होता. जुना माल तोच अस्सल माल, ही त्याची ठाम समजूत. तरी त्यानं त्यातला एक तुकडा आणि बाजारातल्या नव्या पाइपाचा एक तुकडा असे दोन बाटल्यांत पंपावरच्या पेट्रोलात बुडवून ठेवले. आठ दिवसांनी काढले. नवा होता तसाच होता. जुना फुगून लिबलिबीत झाला होता आणि बोटाला काळा लागत होता. हेच काळं कार्बोरेटरमध्ये जाऊन बसत होतं! इथेनॉलनं रबर खाल्लं हे खरं, पण असलं रबर त्याच्या पुढ्यात वाढलं कुणी?

बायकोनं, शहनाजनं, सोपी वाट दाखवली. "चुप बसा ना जी. सगळा गाव पेट्रोललाच शिव्या देतोय, तुम्हाला कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारत नव्हतं. बोलला तर तीस वर्षांचं नाव मातीत जाणार. न बोलला तर अजून सतरा गाड्या तेच रबर घेऊन रस्त्यावर फिरत होत्या. हबीबला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मृणालीच्या गाडीला नवा पाइप घालून तो नवलच्या टपरीवर गेला. भिकननाना तिथे चारचौघांत बसून पेट्रोलचा उद्धार करत होते. हबीबनं दोन्ही तुकडे बाकावर ठेवले.

"नाना, पेट्रोलला पुष्कळ दिल्यात. आता निम्म्या शिव्या माझ्या नावानं द्या. मी घातलेलं रबरच कुचकामी होतं."

नानांनी जुना तुकडा चेपून पाहिला, काळं झालेलं बोट पायजम्याला पुसलं.

"चूक त बठ्ठासनी व्हस, भो," ते म्हणाले. "सांगनारा कोन शे?"

चूक सगळ्यांचीच होते, पण सांगणारा कोण असतो, ही शाबासकी शिव्या ऐकायची पुरी तयारी करून आलेल्या हबीबला काही सोसेना. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"असं नका बोलू, नाना. शिव्याच द्या."

मग नानांनी दिल्या. खास अहिराणीतल्या, अगदी पोटभर. तेव्हा कुठे हबीबला बरं वाटलं आणि नवे पाइप पिशवीत घालून तो उरलेल्या सतरा घरांच्या वाटेला लागला.