प्रायमरची शेवटची डबी
फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला इंग्लंडमधल्या वॉटफर्डचे माझे म्हातारे घरमालक आठवतात. रायफल क्लबच्या सामन्यांसाठी ते गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरत. नजर अधू होत चालल्यामुळे त्यांनी गाडी सोडली होती, आणि त्या वर्षीचा सामनाही त्यांचा शेवटचाच होता. नेमकी तेव्हाच काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी चिमुकली टोपी, म्हणजे प्रायमर, कुठे मिळेना. एका शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून दुकानोदुकानी फिरवलं. सगळीकडे एकच उत्तर, "सॉरी, आउट ऑफ स्टॉक." शेवटच्या दुकानात क्लबमधला त्यांचा जुना प्रतिस्पर्धी काउंटरपाशी उभा होता, आणि उरलेली एकमेव डबी त्याच्या हातात होती. घरमालक दाराकडे वळले. "थांब," तो म्हणाला, "यातली अर्धी तू घे. तू आलाच नाहीस तर मी हरवू कुणाला?" परतीच्या वाटेवर घरमालक स्वतःशीच गुणगुणत होते. सामना ते थोडक्यात हरले. घरी आल्यावर मला म्हणाले, "हरलो ते त्याच्याकडून, हे बरं झालं." आज इतक्या वर्षांनी मला त्या हरण्याचा हेवा वाटतो.