मशीनमध्ये पाणी येईना

आमच्या घरी वॉशिंग मशीन आलं ते सासऱ्यांच्या आजारपणामुळं. त्यांना मी मामा म्हणते. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. रोजच्या चादरी धुऊन धुऊन माझी कंबर धरायला लागली, तेव्हा कुठं आमच्या वडवणीच्या घरात ते आलं.

एका सकाळी बटण दाबलं तर नुसता घुंऽऽ आवाज. आत पाण्याचा टिपूस नाही. थोड्या वेळानं मशीन पीं-पीं करून गप्प झालं. बीडच्या मेकॅनिकला फोन लावला. त्यानं फोनवरच निकाल दिला, "ताई, बोर्ड गेलं असंल. आठ दिवसांनी चक्कर होईल माझी."

आठ दिवस! इकडं तीन चादरी भिजत पडलेल्या. नवरा कामाला पुण्यात. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू हात लावू नको बरं का, शॉक बसंल."

मामा खाटेवरून ऐकत होते. त्यांनी उभा जन्म विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. बांधावर उभं राहून नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे, असं लोक अजून बोलतात. त्यांनी डावा हात हलवला.

"पुन्ना... लाव."

मी बटण दाबलं. डोळे मिटून त्यांनी तो आवाज ऐकला.

"बोर्ड... न्हाई गेलं. आवाज येतोय म्हंजी... हुकूम पोचतोय. पाणीच... न्हाई पोचत. नळ... बघ."

मशीनची नळी काढून नळाखाली बादली धरली. बघता बघता भरली. म्हणजे नळ ठीक, टाकीही ठीक. नळी कुठं मुडपलेलीही नव्हती.

"आता पिन... काढ आधी. मागून... बघ, जाळी... असंल."

भिंतीतली पिन काढली, मशीन पुढं ओढलं. नळीचं मागचं टोक फिरवून सोडवलं, तर जिथं पाणी आत शिरतं तिथं खरंच बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी होती. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि बारीक रेती तिच्यावर अशी बसलेली की भोकच दिसेना. पकडीनं ओढली, हलेना. जोर लावणार तोच मामा ओरडले, "हळू! तुटंल. जरा... हलवून काढ." डावी-उजवीकडं हलवली तशी अलगद हातात आली. लिंबाच्या रसात बुडवून ठेवली, जुन्या ब्रशानं घासली. उजेडाकडं धरली तर एकेक भोक मोकळं.

सगळं जोडून बटण दाबलं. पाणी आलं, पण करंगळीएवढी धार. माझा चेहराच उतरला. मामा मात्र नळाकडं बोट दाखवत होते.

"दुसरी... तिकडं!"

पिन पुन्हा काढून बघितलं, तर नळीच्या नळाकडच्या टोकातही एक जाळी होती. तीही तशीच बुजलेली. तिलाही लिंबू पाजलं. बसवताना रबराचा वायसर तिरका बसला, नळापाशी पाणी ठिबकायला लागलं. पुन्हा सोडलं, वायसर सरळ केला, हातानंच घट्ट आवळलं. पिन लावली, बटण दाबलं.

धो धो पाणी! मी तिथंच टाळ्या पिटल्या. मामांचा अर्धाच चेहरा हसतो, पण त्या दिवशीचं ते हसू मला पुरं दिसलं.

"कावून गं," ते म्हणाले, "बोर्ड गेलं व्हतं ना?" लकव्यानंतर त्यांनी न अडखळता बोललेलं ते पहिलं वाक्य.

नवऱ्याला मी पाणी भरतानाचा व्हिडिओ पाठवला. मेकॅनिकला कळवलं, येऊ नका.

पंधरा दिवसांत शेजारच्या काकू आल्या, त्यांच्याही मशीनमध्ये पाणी येत नव्हतं. मी मामांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, पकड त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आम्ही दोघं निघालो. गल्लीतून जाताना त्यांनी मान ताठ ठेवली होती. काकूंच्या दारात पोचताच त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "हं, लाव बटण."