न घासलेला हौद

पाडव्याआधी अंगणातला कमळाचा हौद उपसून काथ्याने घासायचा, हे माझं दरवर्षीचं काम. यंदा कंबरच उचलेना. "अहो, राहू द्या या वर्षी," बायको म्हणाली आणि मी खरंच राहू दिलं. पाण्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत थर आला. तो दरवर्षीच येतो. घाण म्हणून मी गटारात ओतून देतो.

आज सकाळी चहा घेऊन हौदाच्या कडेवर टेकलो, तर थर नव्हता. त्याच्या जागी इवल्या काळ्या शेपट्या वळवळत होत्या. बेडकाची पिल्लं! यंदा हौद घासला नाही म्हणून वाचली बिचारी.

आणि दर पावसाळ्यात, "हल्ली बेडूक कुठे ओरडतात पूर्वीसारखे," म्हणून हळहळतो, तोही मीच.