यादवचा उजवा हात

सायखेड्याच्या यादव गांगुर्डेने गोल्फवर पोट भरायचं ठरवलं, तेव्हा लोक हसायचे. नाशिकच्या गोल्फ क्लब नावाच्या मैदानावर तर माणसं सकाळी नुसती पळायला जातात! पण देवळालीकडच्या मैदानावर साहेबांच्या बॅगा वाहता वाहता तो खेळ शिकला आणि शहाण्णव साली व्यावसायिक खेळाडू झाला. फटका असा मारायचा की चेंडू दिसेनासा व्हायचा. पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या स्पर्धेत तो दुसरा आला. पेपरात फोटो छापून आला, इंदिरानगरात घर झालं, प्रतिभाशी लग्न झालं.

मग दोन हजार साली बंगळुरूला शेवटच्या होलवर चेंडू खळग्यापासून हातभर अंतरावर होता. नुसता ढकलायचा. ऐन वेळी उजव्या मनगटाला हिसका बसला आणि चेंडू बाजूने निघून गेला.

यादवने ते हसण्यावारी नेलं. पुढच्या स्पर्धेतही तेच झालं. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. त्याने पकड बदलली, डोळे मिटून मारून पाहिलं, वणीच्या देवीला नवस बोलला. घरी फरशीवर वाटी आडवी ठेवून तासन्‌तास चेंडू ढकलायचा. एकही चुकायचा नाही. मैदानावर मात्र चार माणसं बघू लागली की हात त्याचा राहायचा नाही.

"मी येऊ का बरोबर?" प्रतिभाने विचारलं.

"नको. तूही बघशील."

तरी दोन हजार चारला पुण्याच्या पात्रता फेरीला ती गेलीच. इथे हुकलं की पुढचं वर्ष घरी बसायचं. सतराव्या होलपर्यंत यादव टिकून होता. शेवटच्या, अठराव्यावर पुन्हा तेच हातभर अंतर. पहिला फटका चुकला. दुसरा पलीकडे गेला. तिसराही. सोबतचे खेळाडू दुसरीकडे बघू लागले. यादवने वाकून चेंडू उचलला, खिशात घातला आणि पंचांना म्हणाला, "माझं झालं."

परतताना एसटी संगमनेरला आली.

"तोडून टाकावासा वाटतो गं हा हात," तो म्हणाला.

प्रतिभाने तो हात मांडीवर ओढून घट्ट धरला. हात अगदी शांत होता. तेच तिला सहन झालं नाही. ती रडू लागली.

आता यादव शिकवतो, लांबचे फटके तेवढे. चेंडू होलजवळ आला की शिकणाऱ्यांना पुढे पाठवतो आणि स्वतः झाडाखाली पाठमोरा उभा राहतो.