बसक्या टायरांचा पंचनामा

टायरमधून हवा सुटल्याचा फुस्स आवाज कानावर पडला, की मी अजूनही चालता चालता थांबतो. त्या आवाजापायी सत्तरच्या दशकात परभणीला मी एका माणसाला कोठडीत बसवले होते.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार झालो तो स्वतःच्या जोरावर. पाठीशी ना मामा, ना काका. बाजारात सांगितलेली पहिली किंमत मी कधी दिली नाही आणि ठाण्यात दिलेला पहिला जबाब कधी खरा मानला नाही. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. सबंध नोकरीत एकदाच मी पहिला जबाब पहिल्या किमतीला घेतला. त्याची ही हकिकत.

परभणीत कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या मालकाच्या मुलाने मुंबईहून दोन आसनांची परदेशी स्पोर्ट्स गाडी आणली होती. लाल रंगाची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. गावात त्याला सगळे छोटे मालक म्हणत. गाडीबरोबर आलेले टायर आमच्या रस्त्यांनी वर्षभरात खाल्ले. मग छोट्या मालकांनी मासिके वाचून, मुंबईला चार-चार ट्रंककॉल करून चार परदेशी रेडियल टायर मागवले. तोपर्यंत जिल्ह्यात असे टायर कोणी पाहिले नव्हते. रस्त्याला माशीसारखे चिकटतात, असे ते क्लबात सांगत.

कापसाच्या हंगामात एका सकाळी ही गाडी जिंतूर रस्त्याला झरीच्या वळणावर घसरली आणि शेतात जाऊन आदळली. कापसाच्या गाड्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती दवाने ओली झाली होती. छोट्या मालकांच्या खांद्याचे हाड मोडले. शेजारी बसलेला ड्रायव्हर, त्याला सगळे उस्ताद म्हणत, थोडक्यात बचावला.

मी जागेवर गेलो. गाडी एका अंगावर कलली होती, चाके शाबूत होती. झरीचे दोन शेतकरी पंच म्हणून बोलावले. त्यांनी टायरांकडे पाहिले आणि एकदमच म्हणाले, "यात हवाच न्हाई की!" टायरांच्या दोन्ही कुशी बाहेर आल्या होत्या. मीही पाहिले, मलाही तसेच दिसले. मी लिहिले, 'चारही टायर बसलेले दिसतात.' पंचांनी सह्या केल्या. गाडी ठाण्याच्या आवारात आणून ताडपत्री घातली, सील केले आणि पहारा लावला.

दवाखान्यात छोट्या मालकांनी फिर्याद दिली. "दोन महिन्यांपासून कोणीतरी माझ्या गाडीची हवा सोडतंय. उस्ताद रोज सकाळी भरतो, दुसऱ्या दिवशी टायर पुन्हा बसलेला. मला मारायचा डाव आहे हा."

जिनिंगच्या फाटकासमोर एक हॉटेलवाला होता. तो माझा खबरी. त्याच्याशीही मी घासाघीस करूनच माहिती घ्यायचो. त्या दिवशी त्याने आढेवेढे न घेता सांगितले, "पंक्चरवाला. दुपारी उस्ताद जेवायला गेला की हा गाडीपाशी बसायचा. वॉल्व्हची टोपी दातात धरून. म्या दोनदा पाहिलं."

हा पंक्चरवाला चाळिशीचा, बौद्ध वस्तीत राहणारा. जिनिंगच्या कुंपणाला लागून त्याची टपरी होती. अबोल माणूस. त्याचे आणि छोट्या मालकांचे भांडण झाल्याचेही कळले. मला एवढे पुरे झाले. 'तुम्ही पाहिले तो दिवस कोणता' हे मी खबऱ्याला विचारलेच नाही.

बेड्या घालून भर बाजारातून ठाण्यात आणल्यावर मी टेबलावर हात आपटून विचारले, "हवा कोणी सोडली?"

"म्या सोडली, सायेब."

एवढ्या सहज कबुली मिळाल्यावर आमचे साहेब खूश झाले. हे साहेब थेट अधिकारी म्हणून आलेले, माझ्यापेक्षा वयाने दहा वर्षांनी लहान. म्हणाले, "खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा. मोठ्या घरचं प्रकरण आहे, लवकर निपटवा." न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. तिकडे जिनिंगच्या मुनिमाने टपरी आठवड्यात उचलायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याची बायको भाकरी घेऊन आली. रडली नाही. मला म्हणाली, "सायेब, ह्यानला शिक्षा झाली तर आमी टपरी कोणाच्या जिवावर चालवावी? अन् टपरीच ठिवली न्हाई तर ह्यांनी सुटून तरी कुठं यावं?"

मी "बघू" म्हणालो. पोलिसाच्या तोंडचा 'बघू' म्हणजे काय, ते तिला माहीत असावे. ती तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सविस्तर जबाब घ्यायला बसलो. लेखनिक जमादार शेजारी होता.

"का सोडलीस हवा?"

"लय भरलेली असायची म्हणून."

"भरलेली? टायर बसलेले होते. पंचांनी पाहिलंय."

"पंचांनी काय लावून पाहिलं, सायेब?"

"डोळे लावून!" मी ओरडलो.

"मग पंचनामा डोळ्याचा झाला. हवेचा न्हाई झाला."

माझा हात उठला. तो मागे सरकला नाही. जमादार हळूच म्हणाला, "फौजदारसाहेब, बोलायलाय तर बोलू द्या." हात खाली घेतला. मारला नाही, पण उठला होता, हे लपवणार नाही.

"ह्या टायरचं येगळं असतंय," तो सांगू लागला. "आत तारांचा पट्टा असतो, कुशी मऊ असत्यात. हवा बरोबर असली, लय असली तरी पोट सुटल्यावानी दिसतंय. आपला टायर असा दिसला तर आपण म्हणतो बसला. उस्ताद काय करायचे, लोखंडी टॉमीनं ठोकून टण्ण वाजंपर्यंत पायपंपानं हवा मारायचे. टायर फुगून मधूनच टेकायलाय, कडा वर. मंग चिखलात धरंल कशाला?"

"तुला कोणी शिकवलं हे?"

"हैदराबादला गॅरेजात आठ साल होतो. जहागीरदारांच्या गाड्या यायच्या तिथं."

"मग मालकांना सांगायचं!"

"दोनदा सांगितलं. मालक म्हणले, 'परदेशी टायर तू मला शिकवतो? तू पंक्चर काढ.' उस्ताद तर हसलेच. मालक गाडी सांजच्याला काढायचे, मग दुपारी जाऊन गुपचूप हवा बरोबर मापावर, चोवीस पौंडावर आणून ठेवायचो."

"तुझं काय अडलं होतं?"

"गाडी माझ्या टपरीम्होरून जाते, सायेब. उलटली तर आवाज मलाच आला असता."

जमादाराची लेखणी थांबली होती. मी विचारले, "त्या दिवशीही सोडली होतीस?"

"न्हाई. बहिणीच्या सोयरिकीला पेडगावला गेलतो, दोन दिवस. आलो तर गाडी झरीला पडलेली." मग तो माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, "तुमच्या आवारातच हाय की गाडी. एकदा मापून बघा. म्या सोडली असंल तर हवा कमी भरंल."

पुढचे चार तास मी जीप पळवली. पेडगावात सोयरिकीला बसलेली सात माणसे भेटली, त्यांत एक शाळामास्तर. मास्तर म्हणाले, "ते इथंच होते. जेवणावळीत वाढायलाही तेच उभे होते." वेळ जुळत होती. परत येताना एका ट्रकवाल्याकडून हवा मापायचे गेज मागून आणले. त्याने भाडे मागितले. मी एक शिवी दिली आणि चहावर सौदा मिटवला.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. पंचांसमक्ष सील काढले. ताडपत्री उचलली तर टायर तसेच, पोट सुटलेले. गेज लावले. पुढच्या डाव्या चाकात अडतीस पौंड. उजव्यात एकोणचाळीस. मागच्या दोन्हींत अडतीस.

झरीचा पंच म्हणाला, "आरं, हे बसकं दिसतंय अन् भरलंय कसं?"

माझ्याच अक्षरातला पंचनामा खिशात होता.

साहेबांना हे पटेना. "आकडे कोण बघणार? मोठे मालक मानतील?" तेव्हा पंक्चरवाल्यानेच उपाय सांगितला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर छाप मारायची काळी शाई असते. ती टायरला लावायची आणि चाक कापडावरून फिरवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी ओढून जिनिंगच्या आवारात नेली. मांजरपाटाचे दोन लांब तुकडे फरशीवर अंथरले. छोटे मालक खांदा बांधून खुर्चीवर बसले होते. निरीक्षक, साहेब, पंच, उस्ताद आणि फाटकातून डोकावणारे हमाल. पंक्चरवाल्याने शाई लावली, चार जणांनी गाडी ढकलली. पहिल्या कापडावर टायरच्या मधोमध चार बोटांचा पट्टा उमटला. दोन्ही बाजू कोऱ्या.

मग तो वाकला. टोपी दातात धरली. फुस्स. गेज लावले, पुन्हा फुस्स. चोवीसवर थांबला. दुसऱ्या कापडावर वीतभर रुंद छाप उमटली, कडेच्या नक्षीसकट.

छोटे मालक खुर्चीवरून उठले. आधी एका कापडावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर. "म्हणजे एवढ्याच रबरावर मी चाललो होतो?"

"एवढ्याच," निरीक्षक म्हणाले.

उस्ताद रडकुंडीला आला. "साब, चालीस साल से ठोक के देखता हूँ मैं. मेरे हाथ कू कब्बी धोका नै हुआ."

पंक्चरवाला त्याला म्हणाला, "उस्ताद, हात बराबर हाय तुमचा. टायर बदललं."

पुरावा नसल्याचा कलम १६९ खाली अहवाल पाठवून त्याच दिवशी पंक्चरवाल्याला सोडले. छोट्या मालकांनी मला बाजूला घेतले. "त्याला काहीतरी देऊन टाकतो. प्रकरण मिटवा."

ही पहिली किंमत होती. मी मुळीच कबूल केली नाही. "टपरी जाग्यावर राहील, हे मुनिमाच्या हातून लिहून द्या."

"दिलं."

"आणि गाडी नीट झाली की तुम्ही स्वतः त्याच्या टपरीवर जायचं. दुपारी, बाजाराच्या दिवशी. हवा बघा म्हणून सांगायचं."

"फौजदारसाहेब, हे जरा जास्त होतंय."

"त्याला बेड्या घालून मी भर बाजारातून नेलं होतं. तेव्हा तुम्हाला जास्त वाटलं नाही."

ते हसले. "पोलीस आहात की अडते?"

"दोन्ही," मी म्हणालो.

या तपासाचे प्रशंसापत्र साहेबांना मिळाले. अहवालात माझ्याबद्दल दोन शब्द होते, 'सहकार्य केले.' पुढच्या बढतीच्या वेळीही मला मागे ठेवले गेले. वीस वर्षे ते माझ्या घशात अडकून होते आणि पूर्ण गिळले गेले असे आजही म्हणणार नाही. वरच्यांनी मला टॉमीने ठोकून पाहिले, आवाज ऐकला आणि पुढे गेले. गेज कोणी लावलेच नाही. पण हेच मी त्या माणसाला केले होते, म्हणून तक्रार करताना माझा आवाज थोडा खाली येतो.

त्यानंतर पंचनाम्यात जिथे मोजता येते तिथे 'दिसते' हा शब्द मी लिहिला नाही. हाताखालच्या प्रत्येक नव्या जमादारालाही लिहू दिला नाही. आणि पहिला जबाब स्वतःच्या मनासारखा निघाला, तर त्यावर दुप्पट घासाघीस करायची.

महिन्या-दीड महिन्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी हॉटेलात मुद्दाम बसलो होतो. लाल गाडी टपरीपुढे थांबली. रस्ता माणसांनी भरलेला. छोटे मालक उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बघता का हो जरा हवा?"

'बघता का हो.' हॉटेलवाल्याने माझ्याकडे पाहिले.

पंक्चरवाल्याने आधी चारही टायरांवरून तळहात फिरवून बाभळीचे तीन काटे काढले आणि मालकांच्या हातावर ठेवले. "मालक, टायर मंबईच्या रस्त्याचं हाय, मऊ हाय. दर आठ दिवसाला काटे काढायचे. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. पुढल्या वेळी मागवताना मला इचारा, जरा कडक रबराचं सांगतो. पळंल कमी, टिकंल जास्त."

"विचारतो," छोटे मालक म्हणाले.

उस्तादाने सवयीने टॉमी उचलली, टायरवर एकदा ठोकली आणि ओशाळून खिशातून नवे कोरे गेज काढले. लोक हसले, तोही हसला.

पंक्चरवाला वाकला, टोपी दातात धरली. ज्या आवाजासाठी मी त्याला कोठडीत बसवले होते, तोच फुस्स आवाज भर दुपारी, भर बाजारात सगळ्यांनी ऐकला. कोणी दचकले नाही. त्याने मान वर करून हॉटेलकडे पाहिले, मला पाहिले आणि दातांतली टोपी हातात घेऊन म्हणाला, "चोवीस, सायेब. लिहून घ्या."