हलीमाबीचं फाटक

सकाळचा चहा गाळत होते, तेव्हा शेजारच्या सलीमने दार वाजवलं. "टीचर, अम्मी गेली," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. त्याला आत घ्यावं की त्याच्या घरी धावावं, मला सुचेना. मुलांनो, इथल्या हूरा वस्तीतल्या आमच्या मजल्यावरची हलीमाबी तुम्हाला आठवत असेल, सुट्टीत तुम्हाला घावणे खाऊ घालणारी. पण मुलाकडे बहरीनला येण्याआधी ती काय करत होती, ते तुम्हाला ठाऊक नसेल.

रायगडात डोंगर चढणारी एक जुनी, छोटी रेल्वे आहे. तिच्या पायथ्याच्या फाटकावर हलीमाबीचा नवरा नोकरीला होता; त्याचा दमा उसळला की फाटक हीच ढकलायची. ते रस्त्यावर आडवं लावलं की रूळ मोकळे, रुळांवर लावलं की रस्ता मोकळा... दोन्ही एकदम कधीच नाही. एकदा एक जीपवाला चिडला, "भाभी, तुझी गाडी अजून वळणावर आहे. मी चालत गेलो तरी तिच्या पुढं जाईन!"

"मग चालतच जा," ही म्हणाली. "जीप राहू दे इथं." हे सांगताना ती तोंडाला पदर लावून हसायची.

त्या सकाळी सलीमने विचारलं, "अम्मी तुमच्यापाशी काही बोलली होती का, माती कुठं द्यायची ते?"

बोलली होती. "गावी, सलीमच्या अब्बांशेजारी," असं म्हणाली होती. मी तेच सांगितलं. सलीम म्हणाला, "मला तर म्हणाली, इथंच ठेव, तुझ्याजवळ राहीन."

मय्यत गावी न्यायची तर कागदपत्रांत दिवस जाणार. इथे दफन दुपारच्या नमाजनंतर. तेवढ्यात ठरवायचं होतं. मग मला आठवलं, ती बोलली तेव्हा आधी मीच वसईची, तुमच्या आजोबांच्या कबरीची, तिच्याशेजारी मला हव्या असलेल्या जागेची गोष्ट काढली होती. माझं मन राखायला तर ती तसं म्हणाली नसेल? आणि सलीमचं मन राखायला 'इथंच' असं? हेही त्याला सांगितलं.

"मग तिचं स्वतःचं काय होतं, टीचर?"

दुपार होत आली होती. त्याने तिला इथेच माती दिली.

परवा तिची खोली आवरायला गेले. कपाट रिकामं होतं. सगळे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत, घडी घालून. सलीमची बायको नसीम हळूच म्हणाली, "धुतले की परत ट्रंकेतच ठेवायच्या. बघा, त्यांना परत जायचंच होतं."

"गावीपण ट्रंकेतच ठेवायची," सलीम म्हणाला. "फाटकाच्या खोलीत कपाट होतं कुठं?"

मग त्याने ट्रंकेचं झाकण लावलं, ती उचलली आणि कुठे ठेवावी ते न सुचून हलीमाबीच्या पलंगावरच ठेवली.