शेवटचं अक्षर 'श'च!

आमच्या घरात मुलाचं नाव शेवटाकडून ठेवतात. बाकीचे लोक गुरुजींना पहिलं अक्षर विचारतात. आमचं शेवटचं ठरलेलं असतं, 'श'! आजोबा व्यंकटेश, आबा सुरेश, मी महेश. एका चुलत्याचं नाव हौसेनं दत्ता ठेवलं, तर त्याच आठवड्यात म्हशीनं दूध चोरलं. (म्हशीची बाजू कुणी ऐकून घेतली नाही.)

मला मुलगा झाला आणि बायकोनं, शुभांगीनं, दवाखान्यातच जाहीर केलं, "आमच्या माहेरी, कोडोलीत नाव 'न'वर संपतंय. नितीन, सचिन, अर्जुन. पोटात मी वागवलंय, 'न' म्हंजे 'न'!"

"'श' न्हाय तर मी बारशाला न्हाय," आबा गरजले.

मी शूर माणूस. दोघांनाही 'व्हय' म्हणालो.

आता तारणार एकच, जयसिंगपूरला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का. आत्यानं बाळाच्या कानात सांगितलं तेच नाव. त्यावर अपील नाही. मी गुपचूप तिला साडी नेऊन दिली. "आक्का, 'अवनीश' म्हण."

"म्हंते की!"

बारशाला आक्का आली ती भलतीच साडी नेसून. शुभांगी गालातल्या गालात हसली, तेव्हा कळलं, 'ईशान'साठी तिचीही साडी पोचली होती!

आक्का पाळण्यात वाकली. "कुर्रर्रर्र!" झालं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. (कोडोलीच्या बायका! उसाच्या मोळ्या बांधणारे हात!) आक्का कळवळून उठली आणि ओरडली, "शंभू!"

मी पुढं सरसावलो.

"आक्का, हे कुठलं अक्षर?"

"माझं! 'श'वर हाक बंद पडती, म्हणून तुमच्यात कोण ओ देत न्हाय. 'न' तर नाकातच ऱ्हातंय. शंभूऊऊ म्हणून बघ, पार बिद्री गावापतूर ऐकू जातंय!"

मला वाटलं, आता महायुद्ध. पण समोरच्याचंही अक्षर हरलं, या आनंदात आबा आणि शुभांगी दोघंही पेढे वाटायला लागले!

घाम फुटला तो मला एकट्याला. कारण मी उतावळ्यानं सकाळीच चौकात फ्लेक्स लावला होता, 'चि. अवनीश यांना हार्दिक शुभेच्छा!' त्यात बाळाचा फोटो अंगठ्याएवढा आणि गॉगलमधला माझा दाराएवढा.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली विचारते, "काय अवनीशराव, पोराचं नाव काय ठेवलं?"

सुरुवातीला मी खुलासा करायचो. आता ओ देतो.